दोन नावांपैकी एक

"मग यातलं कोणतं नाव ठेवू, सर?" मी विचारलं.

केंजळे सर खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. त्यांचाच एकोणीसशे सत्त्याहत्तर सालचा लेख समोर उघडा होता. कागदाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

"तुला काय वाटतं?"

"माँटॅनस ठेवावं. ते पान तीनवर आहे. रेवी पान सातवर."

"पानाला काही अर्थ नाही. नियम काय सांगतो?"

तोंडी परीक्षेला बसल्यासारखं मी म्हणून दाखवलं, "एकाच जातीला दोन नावं पडली असतील तर आधी छापलेलं नाव राहतं. पण दोन्ही एकाच लेखात, एकाच दिवशी छापली गेली असतील, तर त्यांचा पहिल्यांदा फेरविचार करणाऱ्यानं त्यातलं एक निवडायचं. त्यानं निवडलं की ते कायमचं."

"कायमचं," सर म्हणाले. "म्हणजे निवडायचं तू. मी नाही."

"पण दोन्ही नावं तुमचीच आहेत."

"दिली तेव्हा माझी होती." ते जरा वेळ लेखाकडं बघत राहिले. मग तो मिटून त्यांनी माझ्याकडं सरकवला. "माँटॅनस ठेव. तुझं बरोबर आहे."

आतून काकूंनी हाक मारली, "पद्मजा, चहा ने गं बाहेर." मी उठले. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं बोलणं. या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली.

मी तेव्हा कोल्हापुरात पीएचडी करत होते. विषय होता सह्याद्रीतल्या झऱ्यांमधले अँफिपॉड. या जिवाला मराठीत नाव नाही, कारण कुणाला त्याचं काही पडलेलं नाही. दिसायला तो चिमुकल्या कोळंबीसारखा, पण दोन्ही बाजूंनी चेपलेला आणि पाठीत वाकलेला. भाताच्या दाण्याएवढा मोठा झाला तरी पुष्कळ. गार, स्वच्छ पाण्यात कुजक्या पानांखाली तो राहतो आणि पोहतो तो एका कुशीवर, आडवा. त्याला एका झऱ्यातून दुसऱ्या झऱ्यात उडून जाता येत नाही, की उन्हातून चालत जाता येत नाही. त्यामुळं एकेका डोंगरात वेगळीच जात तयार होते. कोणती जात कुठं आहे, कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते, हे शोधणं माझं काम होतं.

आमच्याकडं हे काम त्याआधी एकाच माणसानं केलं होतं. साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे डॉ. यशवंत केंजळे. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायचं, पाठीवर पिशवी, पिशवीत चाळणी, पांढरा ट्रे आणि अल्कोहोलच्या बाटल्या. असं वीस वर्षं करून त्यांनी सात नव्या जाती जगापुढं मांडल्या होत्या. माझ्या गाइडबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "तू साताऱ्याला जा. मला यातलं पुस्तकी कळतं, त्यांना हाताचं कळतं."

सर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. यवतेश्वरच्या पायथ्याला त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत बाटल्यांचं कपाट, भिंतीवर कोयना खोऱ्याचा नकाशा, आणि टेबलावर एक जुनी दुर्बीण, म्हणजे बारीक जीव चिरताना वापरतात ती दोन डोळ्यांची. त्या दुर्बिणीखाली सुईनं एकेक पाय सुटा करायला सरांनी मला शिकवलं. माझा हात थरथरायचा. ते म्हणायचे, "श्वास सोड आणि मग सुई टेकव. श्वास धरलास की हात हलतो." पाय तुटला तर रागवत नसत. पण चिठ्ठीवर ठिकाण किंवा तारीख लिहायला विसरले तर दिवसभर बोलत नसत. एकदा मी एका बाटलीवर अंदाजानं तारीख टाकली. त्यांनी ती बाटली माझ्यादेखत मोरीत ओतली.

"सर, चांगले नमुने होते!"

"नमुने चांगलेच होते. तू खोटं बोललीस."

मला वाईट वाटलं, पण त्या दिवशी या माणसावर माझा जो विश्वास बसला तो पुढं कधी हलला नाही.

काकूंचं नाव प्रमिला. त्यांना या किड्यांचं कौतुक नव्हतं. मला मात्र त्या जेवल्याशिवाय सोडत नसत. स्वयंपाकघरात देवाच्या फळीशेजारी एका मुलीचा फोटो होता. सात-आठ वर्षांची, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. "आमची ठकू," काकूंनी एकदा भाकरी थापता थापता सांगितलं. "असती तर तुझ्याहून मोठी असती." मी पुढं काही विचारलं नाही. एक मुलगी होती, लहानपणी गेली, एवढंच मला कळलं. सरांच्या तोंडून तिचं नाव मी कधी ऐकलं नाही.

दोन हिवाळे मी सरांबरोबर हिंडले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण कड्याखालच्या ओहोळात माझ्याआधी उतरायचा. सातही जातींचे मूळ झरे त्यांनी मला दाखवले. नाही, सहाच दाखवले. सातवा जोगळझरा. तिथं आम्ही भाड्याच्या जीपनं गेलो. वरच्या रस्त्यावर जीप थांबली, आणि सर उतरलेच नाहीत.

"गुडघा दुखतोय. तू जा. पायवाट सरळ खाली जाते. मोठ्या खडकाच्या डावीकडं पाणी दिसेल."

"आज राहू दे मग, सर. पुढच्या वेळी दोघं जाऊ."

"पुढच्या वेळीही दुखेल. जा तू." मग मागून ओरडले, "पानांत हात घालू नकोस. काठीनं उलटव आधी. ऐकलंस का? काठीनं!"

मी हसत "हो" म्हटलं. इतर सहा ठिकाणी त्यांनीच कोपरापर्यंत हात घातले होते.

जोगळझऱ्यातली जात म्हणजे रेवी. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, चार मैलांवरच्या झऱ्यात माँटॅनस. दोन्ही एकाच लेखात नोंदवलेल्या. सरांनी दोघींतला मुख्य फरक दिला होता तो शेवटच्या पायांवरच्या काट्यांचा. माँटॅनसला आठ ते दहा, रेवीला पाच किंवा सहा. मी दोन्हीकडचे ताजे नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. डीएनएचा अहवाल आला तेव्हा बाकीच्या पाच जाती सरांनी म्हटल्याप्रमाणं वेगळ्याच निघाल्या. तीस वर्षांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी केलेलं काम, आणि यंत्रानं त्यावर शिक्का मारला. फक्त माँटॅनस आणि रेवी यांच्यात काहीच फरक नव्हता.

मग मी जोगळझऱ्याचे शंभर नमुने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावले आणि काटे मोजले. वाढ होईल तसे काटे वाढत होते. पुरे वाढलेल्यांना आठ, नऊ, दहा. सरांनी सत्त्याहत्तर साली वर्णन केलेले चारही नमुने वाढ पुरी न झालेले होते.

सरांना हे सांगताना मी घाबरले होते. त्यांनी माझे आकडे दोनदा तपासले. एके ठिकाणी मी सात लिहिलं होतं ते सहा हवं, एवढी चूक काढली. "ठीक आहे," म्हणाले. "सातातल्या सहा राहिल्या. वाईट नाही." त्यानंतर मी कोणतं नाव ठेवू म्हणून विचारलं, आणि त्यांनी जे उत्तर दिलं ते सुरुवातीला सांगितलंच.

आता मला लेखात कारण लिहायचं होतं. नियमाप्रमाणं कारण देण्याची सक्ती नव्हती. नुसतं "आम्ही हे नाव निवडत आहोत" एवढं पुरलं असतं. पण माझा तो पहिलाच मोठा लेख. मला हुशारी दाखवायची होती. माँटॅनस म्हणजे डोंगरातला. ते चपखल बसत होतं. रेवीचा अर्थ सरांनी लेखात दिला नव्हता, पण मला तो उघड वाटला. लॅटिनच्या नियमानं रेवी (revae) म्हणजे रेवाची, आणि रेवा म्हणजे नर्मदा. कोयनेच्या खोऱ्यातल्या जिवाला नर्मदेचं नाव! तरुणपणी सर जबलपूरला शिकले होते, तिथलं काहीतरी मनात असेल, असं मी धरून चालले. आणि लिहिलं: 'रेवी हे नाव वाढ पुरी न झालेल्या नमुन्यांवर आधारलेलं आहे. शिवाय ते नर्मदा नदीवरून घेतलेलं असून, हा जीव त्या खोऱ्यात आढळत नसल्यामुळं दिशाभूल करणारं आहे. म्हणून ते यापुढं वापरू नये.'

मसुदा सरांना टपालानं पाठवला. एरवी माझं लिखाण त्यांच्याकडून चार दिवसांत परत येई, हा मसुदा दहा दिवसांनी आला. पानोपानी लाल शाईच्या दुरुस्त्या होत्या. स्वल्पविराम, मोजमापं, एका डोंगराची उंची. त्या परिच्छेदाला मात्र हात लावलेला नव्हता. समासात एक बारीक बरोबरची खूण होती.

लेख छापून आला दोन हजार आठच्या ऑगस्टमध्ये. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "फार छान. माझी प्रत कॉलेजच्या पत्त्यावर पाठव. मी जाऊन घेईन."

"कॉलेजच्या का? घरी घेऊन येते की मी."

"कशाला त्रास? टपालानं पाठव."

मला वाटलं, मला प्रवास नको म्हणून म्हणताहेत. शनिवारी सकाळची एसटी पकडून मी साताऱ्याला गेले. बरोबर घरची बाकरवडी होती आणि लेखाच्या दोन प्रती.

दार काकूंनी उघडलं. "अगं, हे पेन्शनच्या कामाला गेलेत. येतीलच. बस." त्या गवार मोडत होत्या. मीही त्यांच्यासमोर बसून शेंगा मोडायला लागले. मग राहवेना म्हणून पिशवीतून लेख काढून त्यांच्या हातात दिला.

"काकू, हे बघा. सरांच्या सगळ्या जाती यात आहेत. नकाशा बघा, मी काढलाय. आणि पहिल्याच पानावर सरांचे आभार मानलेत."

त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा आणला. काकू मराठी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून त्यांनी पानं ज्या तऱ्हेनं उलटायला सुरुवात केली त्याचं मला नवल वाटलं. त्या चित्रं बघत नव्हत्या. ओळींवरून बोट फिरवत होत्या, एकेक ओळ, सावकाश, हरवलेली सुई शोधावी तसं.

"काय बघताय, काकू?"

"आपलं नाव कुठंय ते बघते."

"सरांचं? ते पहिल्या पानावर आहे. दाखवू?"

"यांचं नव्हे गं." त्यांचं बोट नवव्या पानावर थांबलं. "हे बघ, सापडलं. आर, ई, व्ही, ए, ई." पाचही अक्षरं त्यांनी मला बोटानं दाखवली. "मला एवढंच वाचता येतं बघ इंग्रजीत. यांनी शिकवलं होतं." त्या हसल्या. "पण हे इतकं बारीक का छापलंय? मागच्या लेखात वर मधोमध होतं, मोठं."

जुन्या नावांच्या यादीत होतं ते. रद्द झालेली नावं तिथं बारीक टायपात जातात. मी म्हणाले, "काकू, तुम्हांला हे नाव कसं माहीत?"

"असं काय विचारतेस? ठकूचं नाव ते. शाळेतलं. रेवा यशवंत केंजळे." त्या परत पानाकडं वळल्या. "ती जबलपूरला झाली ना, हे तिकडं शिकायला होते तेव्हा. घराच्या मागंच नदी. म्हणून रेवा."

माझ्या हातात अर्धी मोडलेली शेंग होती. मी ती खाली ठेवली की हातात धरून राहिले, मला आठवत नाही.

"खाली बरंच लिहिलंय तिच्याबद्दल," काकू म्हणाल्या. "वाचून दाखव की. मराठीत सांग."

"सर आले की ते सांगतील, काकू."

"यांचं काय, ते दोन शब्दांत सांगतील. तू लिहिलंयस ना? तूच सांग."

मला खोटं बोलता आलं असतं. काकूंना कळलं नसतं, निदान त्या दिवशी नसतं कळलं. मी लेख परत घ्यायला हात पुढं केला. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"काय झालं? काय लिहिलंयस तू?"

मी सांगितलं. त्या दोन झऱ्यांतले जीव एकच निघाले, दोन नावांतलं एक ठेवायचं होतं, मी दुसरं ठेवलं.

"म्हणजे हे गेलं?"

"हो."

"आणि खाली काय आहे? ही एवढी ओळ?"

"काकू..."

"वाच."

मी वाचलं. वाढ पुरी न झालेल्या नमुन्यांवर आधारलेलं. दिशाभूल करणारं. यापुढं वापरू नये. मराठीत ते इंग्रजीपेक्षा फार वाईट ऐकू येत होतं.

काकूंनी पानावरचं बोट काढलं नाही. त्या अगदी साध्या आवाजात बोलायला लागल्या.

"जोगळझऱ्यावर गेली ती. दिवाळीची सुट्टी होती. मी म्हटलं होतं, पोरीला नेऊ नका, थंडी आहे. तीच ऐकेना. तिला ते किडे धरायला फार आवडायचे. हे खाली ट्रेमध्ये डोकं घालून बसलेले. ही वर पानं उचकटत होती. चार किडे धरून तिनं यांच्या बाटलीत टाकलेसुद्धा. मग हाक मारली, बाबा. हे म्हणाले, थांब, एक मिनिट. परत हाक मारली. तेव्हा यांनी वर बघितलं. फुरसं होतं पानांत. हातालाच डसलेलं. रस्त्यापर्यंत उचलून आणलं यांनी, पण तिथून गाडी मिळायला... मी अकरा महिने यांच्याशी बोलले नाही. एका घरात राहून अकरा महिने. मग एक दिवस हे तो लेख घेऊन आले. माझ्यापुढं बसले आणि बोट ठेवून एकेक अक्षर मला वाचायला लावलं. म्हणाले, प्रमिला, आता जगात कुणीही, कधीही हा जीव बघितला की त्याला हिचं नाव घ्यावं लागेल. आपण मेलो तरी. त्या दिवशी मी यांना जेवायला वाढलं."

बाहेर फाटक वाजलं. सर आत आले. हातात भाजीची पिशवी होती. त्यांनी मला पाहिलं, काकूंच्या मांडीवरचा लेख पाहिला, आणि पिशवी तशीच धरून उभे राहिले.

काकूंनी विचारलं, "तुम्हांला ठाऊक होतं?"

"हो."

"हिला सांगितलं नाहीत? एक शब्द सांगायचा होता. हिनं ठेवलं असतं की तिचं नाव. ठेवलं असतंस ना गं?"

"ठेवलं असतं, काकू," मी म्हणाले. "सर, मी तुम्हांला विचारलं होतं. मला दोन्हींतलं कुठलंही चाललं असतं. तुम्ही का नाही बोललात?"

सर खुर्चीवर बसले. त्यांनी आमच्या दोघींकडंही बघितलं नाही.

"तेव्हाच मला शंका होती," ते म्हणाले. "ठकूनं धरलेले ते चार. काटे कमी होते, पण अंगानंही लहान होते. अजून मोठे नमुने मिळवून तपासायला हवे होते. त्यासाठी परत जोगळझऱ्यावर जावं लागलं असतं. मी गेलो नाही. मला ती जात वेगळी हवी होती. आयुष्यात एकदाच मी हवं तसं लिहिलं." त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. "तुझा मसुदा दहा दिवस टेबलावर होता. रोज सकाळी वाटायचं, लिहावं. मग वाटायचं, मी एकदा नियम वाकवून दिलं ते नाव, आता दुसऱ्यांदा तुझ्याकडून वाकवून घेऊ? आणि कुठल्या तोंडानं? जिला एक मिनिट थांब म्हणालो, तिच्यासाठी?"

"तुमचे नियम," काकू म्हणाल्या. त्या उठल्या, लेख शेंगांच्या परातीशेजारी ठेवला आणि आत गेल्या. दार लावल्याचा आवाज आला नाही. रडण्याचाही आला नाही.

सर मला म्हणाले, "तू नीघ आता. दोनची कोल्हापूर गाडी मिळेल. आणि हे बघ, तुझं काही चुकलेलं नाही. काम चोख आहे."

काम चोख होतं, हेच मला एसटीत सगळ्या वाटेवर सहन होत नव्हतं.

कोल्हापूरला पोचल्यावर मी गाइडबाईंकडं गेले. नावांचा निवाडा करणारं जे आंतरराष्ट्रीय मंडळ आहे त्यांना पत्र लिहावं, निवड मागं घेऊ द्यावी म्हणावं, असं मला वाटत होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अर्जात कारण काय लिहिशील? त्यांना घोटाळा झालेला लागतो. इथं घोटाळा कुठं आहे? सगळं नियमाला धरून आहे." तरीही मी पत्राचा मसुदा केला आणि सरांना फोन लावला.

"पाठवू नकोस," ते म्हणाले.

"काकूंसाठी तरी, सर."

"पाठवू नकोस, पद्मजा. नाकारतील, आणि तिला ते परत एकदा ऐकावं लागेल."

"काकू कशा आहेत?"

"बरी आहे. स्वयंपाक करते, औषधं देते वेळेवर. बोलत नाही माझ्याशी." मग मलाच धीर द्यावा तसे म्हणाले, "बोलेल. मागच्या वेळी अकरा महिने लागले होते."

त्या अबोल्याच्या आठव्या महिन्यात सर गेले. सकाळी फिरून आले आणि खुर्चीवर बसले ते बसलेच. मला दुपारी कळलं. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. घरात नातेवाईक होते. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्या पायांशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. शेजारची एक बाई सांगत होती, शेवटी काही म्हणाले का विचारलं तर ह्या म्हणतात, मी चहा ठेवला होता पुढ्यात, त्यांनी 'साखर कमी आहे' म्हटलं, मी काही उत्तर दिलं नाही.

त्यानंतर मी वर्षातून एक-दोनदा काकूंकडं जात राहिले. त्यांनी मला कधी येऊ नको म्हटलं नाही आणि ये असंही म्हटलं नाही. जेवायला वाढायच्या. बाटल्यांचं कपाट मी एका संस्थेच्या संग्रहालयात हलवलं. भिंतीवर त्याची चौकोनी खूण राहिली.

दोन हजार बारामध्ये चांदोलीच्या बाजूला एका घळीत मला खरोखरची नवी जात मिळाली. शंका नको म्हणून मी तीन ऋतूंत जाऊन नमुने आणले, सगळ्या वयांचे. डीएनए तपासलं, दोन परदेशी तज्ज्ञांना दाखवलं. कुणी कधी खोडून काढू शकणार नाही इतकं पक्कं काम केलं, आणि ते कुणासाठी करत होते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लेख पाठवायच्या आधी मी साताऱ्याला गेले.

काकू थकल्या होत्या. बाहेरच्या खोलीतच त्यांनी अंथरूण घातलं होतं. मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. ही जात नक्की वेगळी आहे, कितीही तपासली तरी वेगळीच निघेल, आणि तिला रेवाचं नाव द्यायचं मी ठरवलं आहे. या वेळी नावाचा अर्थही लिहीन, पूर्ण नावानिशी, कुणाला चूक करायला जागा राहणार नाही.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठं मिळाली म्हणालीस?"

"चांदोलीला. तुम्हांला फोटो दाखवू?"

"ठकू कधी गेली नव्हती तिकडं."

"नाही, काकू. पण नाव तर..."

"तिनं बघितलेला नाही ना तो?"

"नाही."

त्यांनी गुडघ्यावरची चादर सारखी केली. "नको गं," त्या म्हणाल्या. "तू चांगल्या मनानं म्हणतेस. पण नको. परत कुणीतरी तुझ्यासारखी हुशार मुलगी येईल."

त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मला काही बोलता आलं असतं. त्या माझी समजूत घालत होत्या.

त्या जातीला मी डोंगराचं नाव दिलं. लेखाची प्रत साताऱ्याला पाठवली नाही.